गाडी सोडा म्हणू नका, सोबत चला

आमच्याकडे गाडी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच, की बाई, तुमच्या पार्किंगमध्ये ती राखाडी कुणाची उभी आहे? आमचीच. आठवड्यातनं एखाद्या वेळी निघते. बाकी दिवस तिच्यावर मांजर झोपतं.

पुण्यात कोथरूडमधली आमची सोसायटी आणि शेजारच्या दोन, अशा तिन्ही मिळून आम्ही सात जण तीन वर्षं हा उद्योग करतोय. लोकांना बसनं, मेट्रोनं, सायकलीवर आणि मुख्य म्हणजे पायी जायची सवय लावायची. पगार नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. आता इतर भागांतले लोक विचारतात की आमच्याकडे हे कसं सुरू करायचं, म्हणून एकदाच बैजवार लिहून ठेवते. मी बँकेत एकतीस वर्षं काउंटरवर काढली. त्यामुळे लोकांना फॉर्म भरायला लावणं आणि तरीही त्यांनी आपल्याशी बोलत राहणं, एवढं एक मला जमतं.

सुरुवात आम्ही चुकीची केली. क्लब हाऊसमध्ये सभा घेतली, प्रोजेक्टर लावला, धुराचे आलेख दाखवले. भिंतीवर कापडी फलक: ‘कारमुक्त सोसायटी’. लोक आले, बटाटेवडे उत्तम होते, आणि शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, “म्हणजे माझं स्टिल्टमधलं पार्किंग काढून घेणार का?” त्यानंतरचा पाऊण तास पार्किंगवरच गेला. चेअरमन माझ्याशी महिनाभर धड बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो फलक मी उतरवला आणि त्यातून पुसणी करायची फडकी केली.

तर पहिली गोष्ट, ‘मुक्त’ हा शब्द वापरू नका. लोकांना वाटतं त्यांचं काहीतरी जाणार आहे. आम्ही आता ‘गाडीला सुट्टी’ म्हणतो. सुट्टी म्हटलं की कुणाला राग येत नाही, कारण सुट्टी संपते.

आधी वही

सभा घेऊ नका, घरोघरी जा. वही आणि पेन न्या, मोबाइलवरचा फॉर्म पाठवू नका. तो फक्त तेच लोक भरतात जे आधीच सायकल चालवतात. संध्याकाळी सात ते आठ ही वेळ बरी, मालिका सुरू व्हायच्या आत.

“तुम्ही गाडी किती वापरता?” हे विचारायचं नाही. त्याला सगळे “तशी कमीच” असं उत्तर देतात. विचारायचं ते असं: काल घरातनं कोण कोण बाहेर पडलं? कुठे? किती वाजता? जाताना हातात काय होतं, येताना काय होतं? सोबत कोण होतं? हातात काय होतं हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माणूस गाडी काढतो ती पुष्कळदा स्वतःसाठी नसते. पाच किलो गव्हासाठी असते, तबल्यासाठी असते, नाहीतर गुडघ्यासाठी.

आमच्या वहीतनं जे निघालं ते मला अपेक्षित नव्हतं. ऑफिसला लांब जाणारे लोक कमी, आणि त्यांना हात लावण्यात अर्थ नव्हता. हिंजवडीची वाट त्यांची त्यांना माहीत. पण दिवसभरातल्या लहान खेपा केवढ्या! क्लासला सोडणं, क्लासहून आणणं, डहाणूकर कॉलनीतून भाजी, मयूर कॉलनीतले दाताचे डॉक्टर, कर्वे पुतळ्यापाशी कुणालातरी डबा द्यायला. बहुतेक दीड-दोन किलोमीटरच्या आतल्या. पार्किंग शोधायचा वेळ धरला तर पायी जाणारा आधी पोचेल अशा.

यातली एकच खेप निवडा. सगळ्या नको. आमच्या गटातल्या एका उत्साही मुलाला पहिल्याच महिन्यात सगळ्या सोसायटीची वाहतूक बदलायची होती. त्याला मी म्हटलं, बाळा, आधी एका माणसाला तुळशीबागेत नेऊन आण.

सोबतीचा फेरा

आमच्या सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. माणूस बसनं जात नाही याचं कारण त्याला पर्यावरणाची काळजी नाही हे नसतं. त्याला भीती वाटते, आणि ती कबूल करायला लाज वाटते. दरवाजा कुठल्या बाजूनं उघडतो, तिकीट कुठे दाखवायचं, चुकीच्या गाडीत बसलो तर काय. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला हे चारचौघांत विचारायचं नसतं. म्हणून सल्ला द्यायच्या ऐवजी एकदा सोबत जायचं.

बी विंगमधल्या काकू सत्तरीच्या पुढच्या. दर वर्षी गौरी-गणपतीच्या आधी तुळशीबाग करायची म्हणजे मुलानं रजा काढायची, गाडी काढायची, मग मंडईजवळ जागा मिळेपर्यंत त्यानं घिरट्या घालायच्या आणि यांनी धापा टाकत खरेदी उरकायची. दोघांचाही पारा चढलेला. मी म्हटलं, यंदा आपण दोघी मेट्रोनं जाऊ.

वनाझहून बसायचं, सिव्हिल कोर्टला बदलायचं, मंडईला उतरायचं. सांगायला एवढंच. आता प्रत्यक्षात काय काय होतं ते लिहिते, कारण सोबत करणाऱ्यानं नेमक्या याच गोष्टी सांभाळायच्या असतात.

तिकीट त्यांनी स्वतः काढायचं. तुम्ही मागे उभं राहायचं, पाकिटाला हात लावायचा नाही. तिकीट तुम्ही काढून दिलंत तर तो फेरा वाया गेला, पुढच्या वेळी त्या परत तुम्हालाच बोलावणार. काकूंनी खिडकीवर जाऊन “दोन मंडई” म्हटलं, अगदी पीएमटीच्या कंडक्टरला सांगावं तसं. छापील तिकिटावरचा तो चौकोन दारावरच्या काचेला दाखवायचा, हे त्यांना दोनदा करावं लागलं, कारण पहिल्यांदा तिकीट उलटं धरलं होतं. मागे रांग थांबली. थांबू द्या. मागच्या माणसाकडे बघून हसा, पण तिकीट काकूंच्या हातातून घेऊ नका.

सरकता जिना. हा खरा अडथळा. कित्येक बायका फक्त याच्या भीतीनं मेट्रोत येत नाहीत आणि कारण वेगळंच सांगतात. आधी लिफ्ट दाखवा, म्हणजे सुटका आहे हे कळतं. मग हवं असेल तर जिना. पदर खोचायला सांगा. आधी काळा पट्टा धरायचा, मग पाय. नजर पायाकडे नको, समोरच्या माणसाच्या पाठीवर. तुम्ही चढताना एक पायरी खाली आणि उतरताना एक पायरी पुढे उभं राहायचं. काकूंनी माझा दंड असा धरला होता की दोन दिवस निळा होता.

तीन डब्यांपैकी एक बायकांचा असतो, तो आधीच दाखवून ठेवा. आणि बदलायच्या स्टेशनचं नाव. आपण सगळे सिव्हिल कोर्ट म्हणतो, पण पाटीवर आता डिस्ट्रिक्ट कोर्ट आहे, आणि गाडीत पुकारतातही तेच. काकू उठेचनात. “आपलं सिव्हिल कोर्ट यायचंय अजून.” हे घरून निघतानाच सांगायला हवं होतं.

तिथे वरची गाडी उंचावर आणि स्वारगेटकडे जाणारी जमिनीखाली, सुमारे ३३ मीटर खोल. तिकीट पुन्हा काढावं लागत नाही, बाहेर पडायचं नाही, नुसतं उतरत जायचं. एक जिना, दुसरा जिना, तिसरा. काकू म्हणाल्या, “अहो, पाताळात नेताय का मला?” खाली गेल्यावर फलाटावर ‘स्वारगेट’ वाचायचं. उलट बाजूच्या गाडीत बसलात तर पिंपरीकडे निघालात. पुढे कसबा, मग मंडई. वर आलं की समोर मंडईचा कौलारू मनोरा. तो दिसला आणि काकूंच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला. मंडई ओळखीची, मग आता मी त्यांच्या मागे आणि त्या पुढे.

खरेदी झकास झाली. वस्त्रमाळा, मुखवट्यांचे दागिने, हळदीकुंकवाचे करंडे. आणि काकूंनी जुनी बोथट झाली म्हणून एक नवी विळी घेतली. मीही भाव करायला मदत केली. दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

परतताना मेट्रो स्टेशनवर पिशव्या तपासायच्या यंत्रात विळी दिसली. यंत्रावरची पोरगी शांतपणे म्हणाली, “मावशी, धारदार वस्तू नेता येत नाही.” तिचं बरोबरच होतं. काकू विळी टाकायला तयार नाहीत, त्यांच्या जागी असते तर मीही झाले नसते. शेवटी रिक्षा केली आणि मेट्रोच्या पहिल्या फेऱ्याहून आम्ही रिक्षानं घरी आलो.

यातून नियम झाला, ज्या फेऱ्याला कुणाला न्यायचं तो आदल्या दिवशी आपण स्वतः करायचा. त्याच वेळी, तितकीच पिशवी घेऊन, आणि त्या माणसाच्या चालीनं. आपल्या चालीनं नाही. आणि पहिला फेरा शनिवार-रविवारी ठेवायचा नाही. मंगळवार-बुधवार, अकराच्या सुमारास, बसायला जागा मिळते.

बसचं वेगळं आहे

पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल, म्हणजे पुणे महानगर परिवहन महामंडळ, झाली. माझ्या वयाचे लोक अजून पीएमटीच म्हणतात. बसच्या बाबतीत सरकत्या जिन्याची भीती नसते, अविश्वास असतो. येईल का, कधी येईल, आणि आली तर थांबेल का. याला भाषणाचा उपयोग नाही.

आम्ही एक केलं. गटातल्या तिघांनी दोन आठवडे आमच्या थांब्यावर रोज सकाळी साडेआठ ते साडेनऊ उभं राहून कुठली बस किती वाजता खरोखर येते ते लिहिलं. छापील वेळापत्रक आणि या कागदात बराच फरक पडला. मग तो हातानं लिहिलेला कागद लिफ्टशेजारी लावला, वर तारीख घालून. खाली एक ओळ, “ही बस दहा मिनिटं उशिरा येते, पण येते.” लोकांना ही ओळ पटली. महामंडळाच्या ॲपवर बस कुठे आहे ते दिसतं, तेही तरुण मंडळींना दाखवतो. पण लिफ्टजवळचा कागद सगळे वाचतात, अगदी घरकामाला येणाऱ्या बायकांपासून. खरं सांगायचं तर त्याच आम्हाला दुरुस्त्या सांगतात. “ताई, ती साडेनवाची आता येत नाही.” आयुष्यभर बसनं जाणाऱ्या माणसांना आपण सभेला बोलावलंच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. बससाठी स्वयंसेवक हवे असतील तर आधी त्यांच्याकडे जा.

तीन महिन्यांनी कागद बदला. जुना कागद खोटं बोलायला लागला की मेहनत पाण्यात.

मुलांची रांग

शाळा दीड किलोमीटरवर आणि तरी सकाळी सातला सोसायटीच्या फाटकात गाड्यांची रांग. यावर उपाय जगभर वापरतात तोच, चालती बस. एका ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळी, मोठ्या माणसांच्या देखरेखीत मुलांनी रांगेत चालत जायचं. वाटेत ‘थांबे’ असतात, तिथे मुलं मिळत जातात.

आमची रांग सहा वाजून पन्नास मिनिटांनी फाटकातनं निघते. कुणासाठी थांबत नाही. पहिल्या आठवड्यात थांबलो तर रोज उशीर झाला. एक मोठा माणूस पुढे, एक शेवटी, आणि दोघांत मिळून दहापेक्षा जास्त मुलं नाहीत. शेवटचा माणूस महत्त्वाचा. पुढच्याला फक्त रस्ता दिसतो, मागच्याला बुटाची नाडी, सांडलेली बाटली आणि कुत्र्याकडे वळलेला पहिलीतला मुलगा दिसतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी सुती दोर घेतला, हातभर अंतरावर एकेक गाठ मारली, प्रत्येकाला आपली गाठ. गाठींवरून भांडणं झाली, म्हणून आता दर सोमवारी गाठी बदलतात. रस्ता ओलांडताना शिट्टी नाही, हात वर. शिट्टीनं मुलं बिचकतात आणि रिक्षावाले चिडतात.

आईवडिलांकडून लेखी संमती घ्या. एक कागद, दोन फोन नंबर, आणि मुलाला काही त्रास असेल तर तो. शाळेलाही कळवा. रांगेला न्यायची माणसं ओळखीची हवीत, त्या त्या दिवशी कोण ते आदल्या रात्री सगळ्यांना कळायला हवं, आणि बदली माणूस ऐनवेळी नको. यात ढिलाई केलीत तर एकाच दिवसात सगळं बंद पडेल आणि ते योग्यच असेल.

पावसाळ्यात? रेनकोट. छत्र्या नाहीत, छत्रीनं मागच्याचा डोळा जातो. धो धो असेल तर त्या दिवशी सुट्टी, ज्याला हवं त्यानं गाडी काढावी. आमच्याकडे जूनपेक्षा ऑगस्टमध्ये मुलांची गळती जास्त होते, कारण चपला-बूट वाळत नाहीत.

टेप घेऊन बाहेर पडा

पायी चला म्हणायचं आणि चालायला जागा नाही, हे लोक तोंडावर म्हणतात आणि ते खरं आहे. तेव्हा महिन्यातून एक सकाळ फुटपाथसाठी. लागतं काय? शिंप्याची नाही, सुताराची टेप, आणि एक ढकलखुर्ची किंवा बाबागाडी. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत फुटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे. म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. आमच्या रस्त्यावर एका ठिकाणी ती माझ्या नडगीच्या मध्यापर्यंत आली. मग लोक रस्त्यावरनं चालतात आणि गाडीवाले म्हणतात यांना फुटपाथ दिला तरी वापरत नाहीत.

फोटो काढताना टेप आणि माणूस दोन्ही दिसू द्या. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुणाच्याही खड्ड्याचा असू शकतो. तक्रार एका पत्रात एकच. ‘परिसरातील फुटपाथची दुरवस्था’ असा विषय लिहिलात तर तो कागद फायलीत जाऊन झोपतो. ‘अमुक दुकानासमोरचा विजेचा डीपी आणि झाड यांमध्ये ६० सेंटिमीटर जागा उरते, ढकलखुर्ची जात नाही, डीपी सरकवावा’ असं लिहा. क्षेत्रीय कार्यालयात हातानं द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख बघा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अडथळा नसलेला फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१चा भाग असल्याचं म्हटलं. ते पत्राच्या शेवटी एका ओळीत घालते. वर घातलं तर साहेबांना वाटतं बाई भांडायला आल्यात.

पुण्यात आणखी एक सोय आहे. २००६-०७ पासून महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. फॉर्म भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. बाकं, रॅम्प, फुटपाथचा तुकडा, थांब्याचं छप्पर अशी लहान कामं यात बसतात. सुचवलेलं सगळं होत नाही. आमच्या पाचांतलं एक झालं, शाळेसमोरचा उतार. पण तो झाला तेव्हा मुलांच्या रांगेनं तिथे फुगे बांधले होते.

काय करू नये

सायकल रॅली. आम्ही काढली. टोप्या, टी-शर्ट, केळी. निम्मे लोक सायकल गाडीच्या मागे बांधून घेऊन आले, गोल चक्कर मारली आणि परत बांधून घेऊन गेले. पार्किंगला जागा पुरली नाही.

एका दिवसाचे कार्यक्रम वाईट नसतात. २०१२ मध्ये १ नोव्हेंबरला ‘सकाळ’नं बस डे केला होता, मीही त्या दिवशी हौसेनं बसनं बँकेत गेले होते. ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद असतो, २०२१ पासून, तेव्हा मधोमध चालताना फार बरं वाटतं. तिथे लोकांना जरूर न्या. पण १२ तारखेला तुमच्याकडे त्यांना सांगायला काही हवं. त्या गर्दीतच आम्ही बुधवारच्या फेऱ्याची नावं लिहून घेतो.

कुणालाही टाकून बोलू नका. रात्री साडेदहाला उपनगरात एकटी उतरणारी मुलगी स्कूटर वापरते, तिला बसचं महत्त्व सांगणारे आपण कोण? आजारी माणूस, तान्हं मूल, गॅसची शेगडी दुरुस्तीला न्यायची, तर रिक्षा किंवा गाडी बिनघोर वापरावी. मला बरीच ‘हिरवी’ माणसं भेटली, त्यांच्या बोलण्यात लोकांबद्दल तुच्छता फार. त्यांच्यासोबत कुणी तुळशीबागेत जाणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तीन गोष्टी: उद्या कोण कुठे जातंय, बस बंद आहे का, आणि वाट कुठे खणली आहे. सुविचार टाकला की मी काढते. पैसे गोळा करू नका. पैसे आले की हिशेब आला, हिशेब आला की दोन गट पडले. चहा ज्याच्या घरी, त्याचा.

माणसं किती लागतात? तीन पुरतात. एक फिरणारा, एक लिहिणारा आणि एक जण चेअरमनशी बरा असलेला. आमचे चेअरमन मध्यंतरी वळले. त्यांच्या सौ. मेट्रोनं जायला लागल्या, मग त्यांना एकट्याला कंटाळा आला.

आमच्या बी विंगच्या काकू आता दर महिन्याला मंडईत एकट्या जातात, आणि नवीन कुणाला न्यायचं असलं की सिव्हिल कोर्टचं नाव बदललंय हे त्या आधी सांगतात. विळीचा उल्लेख मात्र केलेला त्यांना आवडत नाही.

पुढच्या बुधवारी सी विंगमधल्या एका आजोबांना ससूनला न्यायचंय, रिपोर्ट दाखवायला. आजवर मुलगा सोडायचा, आता तो बंगळूरला गेला. पुणे रेल्वे स्टेशनच्या मेट्रो स्टेशनला उतरून ओपीडीपर्यंत किती चालावं लागतं, मध्ये बसायला कुठे जागा आहे, उन्हात रस्ता कुठून ओलांडायचा, हे बघायला मंगळवारी मी जाणार आहे. आमच्या यांची काठी घेऊन जाईन म्हणते, म्हणजे चाल बरोबर पडेल.